देवपूरचा नाला: मुखाकडून उगमाकडे

धुळ्यात पांझरा ओलांडून उत्तरेला आले की देवपूर लागते. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले आणि नव्या पेठेचे रस्ते सरळ रेघेत आखून घेतले. ती आखणी नदीच्या दक्षिण काठाची, म्हणूनच पलीकडच्या शहरात आजही पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक पुरतो. देवपूरला असा कोणी आखणारा भेटला नाही. शेतांचे गट एकामागून एक बिनशेती होत गेले, बांधांच्या जागी रस्ते आले, विहिरी बुजल्या, आणि ज्याच्या वाट्याला जेवढी जमीन आली तेवढ्यात त्याने आपली कॉलनी बसवली. या कॉलन्यांच्या मधून, एकाही रस्त्याशी सरळ काटकोन न करता, एक नाला वाहतो.

नगावबारीच्या बाजूच्या उघड्या माळांवरून तो खाली येतो आणि वस्ती ओलांडून पांझरेत पडतो. लांबीने तो फारसा नाही. धडधाकट माणूस सकाळच्या चहानंतर निघून दुपारच्या जेवणापर्यंत त्याचे मुख आणि उगम दोन्ही पाहून घरी येऊ शकतो. तरीही ज्यांच्या परसामागून तो जातो त्यांना आपल्या घरामागचा तुकडा तेवढा ठाऊक असतो. त्याच्यावरचा एक पूल मीही रोज ओलांडतो आणि पुलावरून जाताना बहुतेकांप्रमाणे नाकाला रुमाल लावतो. यंदा आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, बहीण माहेरी आली, तिच्यासोबत स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका शिकणारा भाचा आला, आणि जमीनमोजणीचा विषय नुकताच शिकलेला असल्याने त्याला प्रत्येक उताराचे कुतूहल होते. हा नाला मुखापासून उगमापर्यंत चालून पाहावा, ही कल्पना त्याचीच. ‘‘मामा, आपण खालून वर जाऊ,’’ तो म्हणाला, ‘‘म्हणजे चढ लागेल, पण घाण कमी होत जाईल.’’ हा हिशेब मला पटला.

वैशाखातल्या खानदेशात चालायचे तर उजाडण्यापूर्वी घर सोडावे लागते, कारण दहा वाजल्यानंतर ऊन कोणाची गय करत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा पांझरेच्या पात्रात नुकते दिसू लागले होते. चैत्री पौर्णिमेची एकवीरा देवीची यात्रा उलगडून गेली होती, पण तिच्या खुणा अजून शिल्लक होत्या: पाळण्यांचे पाय रोवलेले खड्डे, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाखालची काळी पडलेली जमीन, नारळाच्या शेंड्या. देवीच्या घाटाखाली दोन पोरे दोरीला लोहचुंबक बांधून डबक्यात फिरवत होती. भाविकांनी टाकलेली नाणी काढण्याचा हा उद्योग नदीकाठी नवा नाही, मात्र पूर्वी त्यासाठी चाळणी लागे. आताची नाणी बहुतेक पोलादी असल्यामुळे चुंबकाला आपोआप चिकटतात, आणि जुन्या कप्रोनिकेलच्या नाण्यांसाठी लागणारा दमसास या पोरांना लागत नाही.

नदीच्या दोन्ही काठांनी आता रस्ते झाले आहेत. त्यामुळे आमचा नाला नदीला मिळतो तो उघड्यावर नव्हे. रस्त्याच्या भरावाखालून, काँक्रीटच्या मोरीतून बाहेर पडतो आणि पडल्याजागी साबणाचा पांढरा फेस धरतो. भाच्याने तिथे एक साधा प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाने आमची सगळी सकाळ व्यापली. पांझरा कोरडी आहे, पात्रात ठिकठिकाणी फक्त डबकी आहेत. मग तिला मिळणारा एवढासा नाला वाहता कसा?

पांझरा ही मुळात पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या लोकांची नदी आहे. पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांत ती उगम पावते, पूर्वेला धुळ्यापर्यंत येते, मग एकाएकी उत्तरेला वळते आणि मुडावदला कपिलेश्वराच्या पायाशी तापीत मिसळते. साक्री आणि धुळे तालुक्यांतल्या तिच्या काठांवर फडपद्धतीचे दगडी बंधारे शतकानुशतके चालत आले. बंधाऱ्यावरून निघालेल्या पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे जागल्याचे, आणि कोणाच्या शेतात किती वेळ पाणी राहील हे शेताच्या मालकाने ठरवायचे नाही, असा तो रिवाज. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात १८८४ मध्ये रुजू झालेले तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत याच जिल्ह्यात होते, आणि साक्रीजवळच्या दातर्तीला पांझरेच्या प्रवाहावरून पाट पलीकडे नेणारा नळांचा सायफन त्यांनी बांधला. भाच्याला हे माहीत नव्हते. अभियंता दिनाला त्यांच्या छायाचित्राला हार घालणाऱ्या संस्थेत तो शिकतो, पण त्यांचा खानदेशाशी असलेला संबंध त्याला कोणी सांगितला नव्हता.

मोरीतून वर चढून आम्ही नाल्याच्या डाव्या अंगाने चालू लागलो. जुन्या देवपुरात, नदीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, नाल्यावर एक फरशी आहे. फरशी म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल, ज्याच्यावरून पावसाळ्यात पाणी जाणारच असे गृहीत धरून तो बांधलेला असतो. मोठा पूल थोड्या अंतरावर असूनही शाळेतली मुले, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया आणि सायकलवाले हिच्यावरूनच जातात, कारण जवळ पडते. फरशीच्या कडेला कुंभाराचे घर आहे आणि आखाजीच्या आदल्या आठवड्यात त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आखाजीला खानदेशात पितरांच्या नावाने घागर भरतात. नव्या मातीच्या घागरीत पाणी भरून तिच्यावर लहान लोटा ठेवायचा, त्यावर खरबूज आणि आंबे, आणि जेवणात आमरस व पुरणाची पोळी. फ्रिज घरोघरी आला तरी या एका दिवसासाठी नवी घागर लागतेच, म्हणून कुंभाराचे वर्ष आखाजीवर तरते.

त्या घरातल्या आबांना मी विचारले की माती या नाल्यातली वापरता का. ते हसले आणि अहिराणीत म्हणाले, ‘‘आते कसानी माती, भो? आते आठे गाय शे, पन गटारना.’’ (अहिराणीत गाय म्हणजे गाळ.) पूर्वी नाल्याच्या वळणावर पावसाळ्यानंतर साचणारा बारीक गाळ ते उचलत असत. आता तलावाचा गाळ ट्रॅक्टरने विकत आणावा लागतो आणि तो चाळून, लीद मिसळून, तुडवून घ्यावा लागतो. नाल्याचा त्यांना आजही एक उपयोग आहे. आव्याची राख ते त्याच्या काठावर टाकतात, आणि त्या राखेत शेजारच्या कोंबड्या अंग घोळतात.

फरशीच्या वर म्हशींचे गोठे सुरू होतात. देवपूरच्या चहाचे दूध बऱ्याच अंशी इथून येते. मागे तीन भिंतींचे पत्र्याचे गोठे, पुढे ओटा, ओट्यावरून शेणमुताचे पाणी सरळ नाल्यात, अशी सर्वांची एकच रचना. सकाळचे दोहन आटोपले होते आणि मोठ्या शिंगांच्या काळ्याभोर म्हशी पाण्यात उतरलेल्या होत्या. म्हशीला घाम फार कमी येतो, त्यामुळे उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्यासाठी तिला पाणी किंवा चिखल लागतोच. दुभत्या म्हशीला तो मिळाला नाही तर धार कमी होते. गोठेवाल्याच्या दृष्टीने नाला हे त्याच्या धंद्याचे भांडवल आहे. वासाबद्दल तक्रार करायला आलेल्या एका नव्या बंगलेवाल्याला त्याने काय उत्तर दिले ते त्याने आम्हाला मोठ्या समाधानाने सांगितले: ‘‘म्हशी पहिल्या आल्या, साहेब, बंगला मागून आला.’’ उत्तर बिनतोड नाही, कारण नाला म्हशींच्याही आधी आला आहे. पण ते मी बोललो नाही, कारण त्याने आमच्यासाठी चहा मांडला होता.

चहा पिताना काठावरची पाखरे मोजता आली. लांब गुलाबी पायांचे शेकाटे उथळ पाण्यात ओळीने चालत होते, म्हशींच्या पाठीवर गायबगळे, बाभळीच्या वाकलेल्या फांदीवर खंड्या, आणि बेशरमाच्या दाट बेटातून पाणकोंबडीचा घोगरा आवाज. शेकाटे पाहून बाहेरचा माणूस हे स्वच्छ पाणी समजेल. खरे म्हणजे गटारीच्या पाण्यात वाढणाऱ्या किड्यांवर आणि अळ्यांवर त्यांचे पोट चालते, आणि नाला सुधारला तर त्यांनाच पहिल्यांदा जागा बदलावी लागेल. आरोग्य खात्याने सोडलेले गप्पी मासेही त्या पाण्यात होते. डासांबद्दल मात्र नाल्यावर थोडा अन्याय होतो. घाणीत वाढतो तो क्युलेक्स डास. डेंग्यू पसरवणारा एडिस घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही त्या शहरात असे पाणी टाक्यांत, पिंपांत, कुलरमध्ये भरून ठेवलेले असते.

गोठ्यांच्या पुढे कॉलन्या लागल्या आणि काठाने चालणे संपले. इथे नाल्याला काठ नाही, दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती आहेत. भाच्याने फोनवर गावनकाशा उघडला. त्या नकाशात नाला दोन समांतर रेघांनी दाखवला आहे आणि त्या रेघांमधले अंतर ठिकठिकाणी समोरच्या अंतराच्या दुप्पट भरेल असे त्याच्या अंदाजाला आले. नाल्याला लागून असलेला प्लॉट स्वस्तात मिळतो, मग भिंत बांधताना ती हातभर पुढे सरकते, मग भिंतीबाहेर तुळस आणि जास्वंद लागते, जास्वंदीला संरक्षण म्हणून आणखी एक जाळी येते. यात कोणी फार मोठा गुन्हेगार नाही. प्रत्येकाने घेतलेली जागा थोडीच आहे, आणि वर्षातले जवळजवळ साडेअकरा महिने ती जागा कोणी परत मागत नाही.

उरलेल्या पंधरा दिवसांचा हिशेब या भागाला समजण्यासारखा आहे. धुळे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे; पाऊस कमी, पण येतो तेव्हा थोड्या तासांत बराच येतो. खालचा खडक बेसॉल्टचा, वरची माती पातळ, त्यामुळे पाणी जिरण्याऐवजी धावते. आता त्यावर गच्च्या, काँक्रीटचे रस्ते आणि फरशीची अंगणे आली आहेत, म्हणजे धावण्याचा वेग आणखी वाढला. १८७२ मध्ये पांझरेच्या पुराने धुळ्यातल्या घरांचे आणि मालमत्तेचे मोठे नुकसान केले, ही नोंद जुन्या ग्रंथांत आहे, आणि ऑगस्ट २०१९ चा पूर तर आमच्या डोळ्यांसमोरचा. नदी फुगली की नाल्याचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही. ते मागे सरकते आणि याच भिंतींच्या आत येते. एका घराच्या फाटकावर गुडघ्याच्या उंचीला मातकट रेघ तशीच राहू दिलेली होती. घरच्या काकूंनी सांगितले की दरवर्षी रंग द्यायचा तरी कशाला, म्हणून आता ती पुसत नाही.

आमच्या सकाळच्या प्रश्नाचे उत्तर याच कॉलन्यांत मिळाले. दर दहा-वीस पावलांवर भिंतीतून एक पाइप बाहेर आलेला होता आणि त्यातून पाणी पडत होते: कुठे भांड्यांचे, कुठे धुण्याचे, कुठे अंघोळीचे, आणि कुठे शौचटाकीचे ओसंडलेले. फरशीजवळ शेळ्या चारणाऱ्या एका आजीने आम्हाला हेच आधी सांगितले होते, ‘‘पहिले उन्हाळामा सुकी जाये. आते बारे मास पानी ऱ्हास.’’ धुळ्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यात तापीचे पाणी असते. तापीवर सुकवडला ते उचलतात, बाभळेला शुद्ध करतात आणि पंपाच्या जोरावर शहरात आणतात. देवपूरच्या स्वयंपाकघरांतून आणि मोऱ्यांतून फिरून ते या नाल्यात उतरते, नाला ते पांझरेला देतो, आणि पांझरेत पुढे पाणी असेल तेव्हा तिच्यासोबत ते मुडावदला पुन्हा तापीत पोहोचते. म्हणजे वैशाखात वाहणारा हा नाला आपल्या डोंगराचे पाणी वाहून नेत नाही. तापीचे पाणी, वापरून झालेले, तिला परत करायला निघालेला आहे. भाचा बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, ‘‘मग मामा, वीजबिलावर चालणारी नदी झाली की ही.’’

देवपुरात भुयारी गटारीच्या वाहिन्या टाकण्याचे काम अलीकडच्या वर्षांत झाले, त्यासाठी खणलेल्या रस्त्यांची धूळ आम्ही सर्वांनी खाल्ली. घरोघरचे पाइप त्या वाहिनीला पूर्णपणे जोडले गेले तर हे पाणी नाल्यात येणे थांबेल. ते थांबायलाच हवे, याविषयी माझ्या मनात संशय नाही. मात्र त्या दिवशी नाला स्वच्छ होईल असे जे मानतात त्यांनी वैशाखात इथे यावे. त्या दिवशी नाला कोरडा होईल. म्हशींना टाकी बांधावी लागेल, शेकाटे जातील, आणि पात्रात पाणी दिसेनासे झाल्यावर भिंती आणखी हातभर पुढे सरकतील, ही माझी खरी भीती आहे. घाण असली तरी वाहत्या पाण्याने आपली जागा अडवून धरलेली आहे.

पुढे मोठ्या रस्त्याची मोरी लागली. तिच्यातून जाणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही वर येऊन रस्ता ओलांडला. वाडीभोकर रस्त्याकडून येणाऱ्या रिक्षा, दूधवाले आणि क्लासला निघालेली मुले यांतून वाट काढून पलीकडे उतरलो, आणि वस्ती विरळ झाली. इथे एका शेतकऱ्याने नाल्यात खड्डा करून मोटार बसवली आहे. त्या पाण्यावर तो लसूणघास आणि मक्याचा हिरवा चारा घेतो आणि रोज पहाटे कापून खालच्या गोठ्यांना विकतो. गोठ्यांतले शेण उन्हाळ्यात ट्रॉली भरून त्याच्या शेतात येते. कॉलनीचे सांडपाणी, त्यावरचा घास, घासावरची म्हैस आणि म्हशीचे दूध पुन्हा कॉलनीत, असे हे चक्र कोणत्याही योजनेशिवाय जमून गेलेले आहे. बांधाच्या कडेला त्याने घरापुरती गिलकी आणि मिरची लावली होती. ती कोणत्या पाण्यावर, असे विचारल्यावर त्याने हातानेच विहिरीकडे बोट केले. आपण खायचे ते विहिरीच्या पाण्यावर आणि जनावराने खायचे ते नाल्याच्या, एवढा भेद तो पाळतो. बाजारात येणारा सगळा पाला असा भेद पाळून पिकवलेला असतो का, हा प्रश्न मी घरी गेल्यावर मेथी निवडताना बहिणीपुढे काढला आणि तो काढायला नको होता, असे तिचे मत पडले.

फडाच्या रिवाजाची इथे पुन्हा आठवण झाली. या नाल्याला पाटकरी नाही. ज्याची मोटार मोठी त्याचे पाणी, आणि खालच्याने वरच्याला विचारण्याची सोय नाही. पण पाणी सांडपाण्याचे असल्याने भांडायलाही कोणी येत नाही.

शेवटची कॉलनी मागे पडली आणि नाला खरोखरच कोरडा झाला. शेवटचा पाइप जिथे संपतो तिथेच पाणी संपते, ही रेघ इतकी स्पष्ट होती की भाच्याने एक पाय ओल्या भागात आणि एक कोरड्यात ठेवून छायाचित्र काढून घेतले. वर दगडगोटे, वाळलेले गवत, वेडी बाभूळ आणि रुई. पात्र मात्र इथे रुंद आणि मोकळे आहे, खाली भिंतींत अडकलेल्या नाल्याची मूळ रुंदी केवढी होती हे इथे आल्यावरच कळते. कडेच्या दोन बाभळींवर सुगरणींची गेल्या पावसाळ्यातली घरटी लोंबत होती; ती बहुतेक पात्राच्या बाजूच्या फांद्यांनाच होती, कारण पावसाळ्यात खाली पाणी असले की सापाला आणि पोरांना तिथवर जाणे अवघड.

थोडे वर गेल्यावर पात्राला आडवी अशी काळ्या कठीण दगडाची भिंत लागली. प्रथम ती कोणी बांधलेली वाटते. ती डाइक आहे. दख्खनचे लाव्हाथर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचले, त्या काळातच त्यांतल्या भेगांमध्ये खालून शिलारस चढला आणि थिजला. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भेगेतला कठीण दगड भिंतीच्या रूपाने उभा राहिला. धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत अशा शेकडो भिंती आहेत, त्यांतल्या बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम दिशेने जातात आणि काही तर कित्येक किलोमीटर लांब आहेत. साक्रीकडे जाताना रस्त्याच्या कडेला ज्या सरळ रेघेतल्या टेकड्या दिसतात त्या याच. डाइक जमिनीखालचे पाणी कुठे अडवते, तर भेगाळलेली असेल तर कुठे वाहूनही नेते. म्हणून एका शेताची विहीर भरलेली आणि बांधापलीकडची कोरडी, असे या भागात पाहायला मिळते. आमच्या नाल्याने पावसाळ्यातल्या पाण्याच्या जोरावर या भिंतीला एक खिंडार पाडले आहे आणि खिंडाराच्या पायथ्याला डोह खोदला आहे. डोहाच्या तळाशी ओल होती. भाच्याने काठीने वाळू उकरली तेव्हा वीतभर खोलीवर पाणी झिरपले, आणि त्याला कसलाही वास नव्हता. नाल्याचे स्वतःचे म्हणावे असे पाणी आम्हाला त्या दिवशी तेवढेच दिसले.

डाइकच्या वर सिमेंटचा एक लहान बंधारा आहे, गाळाने जवळजवळ काठोकाठ भरलेला. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल आणि रुंद करून त्यांवर बिनदाराचे बंधारे घालण्याचे जे काम उभे केले, ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर गाजले. गाजल्यावर त्याची नक्कल सर्वत्र झाली, पण तिथे काम करताना आधी जमिनीचे थर पाहिले जात. पाणी न जिरू देणारा पिवळ्या मातीचा थर काढून खालच्या पाझरणाऱ्या थराला हात लावणे हा त्या कामाचा गाभा होता. केवळ बंधारा बांधून सोडून दिला, गाळ काढला नाही, तर काय होते ते इथे दिसते. गाळावर आता क्रिकेटची खेळपट्टी आहे.

बंधाऱ्याजवळच्या एका निंबाखाली पाच-सहा जण पत्ते खेळत होते. आखाजीच्या दिवसांत खानदेशात पत्त्यांना जणू परवानगीच असते, आणि आम्हाला पाहून त्यांनी पैसे लपवण्याचीही तसदी घेतली नाही. त्याच निंबाला दुसऱ्या बाजूने झोका बांधलेला होता. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीबाळी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल याच सणाला संपते आणि नवे याच सणाला ठरते. खेळणाऱ्यांतला एक जण सालदारच होता. त्याचे जुने साल संपले होते, नवे ठरायचे होते, आणि मधल्या या मोकळ्या दिवसांत तो हरत होता.

त्यांनाच उगम विचारला. ‘‘कथा चालनात, भाऊ? उगम बिगम काही नहीं,’’ कुठे निघालात असे विचारत एकाने पाने खाली न ठेवता सांगितले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. बंधाऱ्याच्या वर नाल्याच्या तीन फाट्या होतात, त्या आणखी फुटत जातात आणि शेवटी माळावरच्या गवतात दिसेनाशा होतात. सर्वात मोठ्या फाटीने आम्ही चढत गेलो. माथ्यावर पोहोचल्यावर एका बाजूला आग्रा रस्त्यावरचे ट्रक आणि दुसऱ्या बाजूला देवपूर, पलीकडे धुळे आणि त्याच्याही पलीकडे दक्षिणेला लळिंगचा किल्ला दिसला. तोवर नऊ वाजून गेले होते, वारा गरम झाला होता, आणि आम्ही रिक्षा मिळेल त्या वाटेने खाली उतरलो.

नाल्याला त्याचे खरे पाणी आलेले पाहायचे तर श्रावणात जावे लागते, म्हणून नागपंचमीनंतर येणाऱ्या कानबाई या खानदेशातल्या देवीच्या सणाला मी पुन्हा गेलो. रविवारी घरोघर कानबाई बसते; भाऊबंदकी एकत्र येते, गव्हाचे रोट होतात, गंगाफळाची भाजी आणि पुरण होते, रात्र जागवली जाते आणि सोमवारी सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन बायका वाजतगाजत विसर्जनाला निघतात. मोठ्या मिरवणुका पांझरेवर जातात. पण जुन्या देवपुरातल्या काही घरांची कानबाई पूर्वापार या नाल्यावर, फरशीशेजारी शिळवली जाते, आणि पाणी कसेही असले तरी त्यांनी जागा बदललेली नाही. त्या सोमवारी आदल्या रात्रीच्या पावसाने नाला मातीच्या रंगाचा झाला होता, साबणाचा फेस वाहून गेला होता, आणि फरशीवरून घोट्याएवढे पाणी चालले होते. एका बाईने नारळावर चढवलेली देवीची नथ आणि डोळे काढून पदरात बांधले, पूजेच्या फुलांचे पाणी प्रवाहात सोडले, आणि सूनबाईला बजावले की निर्माल्य इथे टाकू नकोस, घरी कुंडीत घाल. कुंभाराचे आबा ओट्यावरून हे पाहत होते. यंदा वळणावर थोडा गाळ बसला आहे, असे त्यांनी मला सांगितले. तो उचलणार का, याचे उत्तर त्यांनी पाऊस उघडेपर्यंत राखून ठेवले.

कोणाला ही वाट चालायची असेल तर मुखाशी जायला एकवीरा देवीच्या मंदिरावरून नदीकाठच्या रस्त्याला लागावे. पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही, कारण गोठ्यांच्या भागात निसरडे आहे आणि वरच्या माळावर बाभळीचे काटे. कॉलन्यांच्या तुकड्यात समांतर रस्त्याने जावे आणि प्रत्येक पुलावर थांबून खाली पाहावे. पावसाळ्यात वर माळावर आभाळ भरलेले दिसले तर फरशी ओलांडू नये, खाली थेंब नसतानाही लोंढा येतो. गोठेवाल्यांकडे चहा मिळतो, फक्त वासाविषयी काही बोलू नये.